विश्लेषण : मातकट गुलाबी रंग कार्डावर नव्हे, आपल्या भिंतीवर ठरवा

पाऊस सरला, नवरात्र-दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगाचा विषय निघतो. अलीकडे या चर्चेत एका छटेची भर पडली आहे. ती भडक गुलाबी नाही आणि बाळाच्या दुपट्ट्यासारखी गोड गुलाबीही नाही. भरपूर पांढऱ्यात थोडी वीट आणि चिमूटभर माती कालवल्यासारखा हा फिकट, उबदार रंग आहे. मोबाईलवर घरसजावटीचे फोटो पाहणाऱ्यांना तो सतत दिसतो आणि ‘आपल्याही पुढच्या खोलीला असाच देऊ’ असे वाटू लागते. प्रश्न असा, की धाराशिव जिल्ह्यातील घरात, इथल्या उन्हात, शहाबादी फरशीवर आणि पांढऱ्या एलईडीखाली तो तसाच दिसेल का? फोटोवरून निवडला तर बहुधा नाही. भिंत, उजेड आणि घराचे वय पाहून निवडला, तर याच्याइतका आपल्या भागाला शोभणारा रंग क्वचितच सापडेल.

हा रंग नेमका कोणता?

मराठीत गुलाबीच्या छटांना नावांची कमी नाही. साडीच्या दुकानात राणी, गुलबक्षी, डाळिंबी, अबोली ही नावे सहज ऐकू येतात. राणी आणि गुलबक्षी हे जांभळ्याकडे झुकणारे, उठून दिसणारे रंग. अबोलीत केशरी छटा असते. आपण ज्या रंगाविषयी बोलतो आहोत, तो अबोलीच्या घरातला. मात्र त्यात पांढरा वाढवून आणि किंचित राखाडी किंवा तपकिरी मिसळून त्याचा तजेला मुद्दाम कमी केलेला असतो.

रंगाच्या दुकानात ही छटा मागताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, गुलाबी निळसर नको, पिवळसर-केशरी अंगाचा हवा. दोन, तो स्वच्छ गुलाबी नको, मातकट हवा. कंपन्या अशा छटांना दरवर्षी नवी नावे देतात, त्यामुळे नावामागे लागण्यात अर्थ नाही. रंगांचे मापदंड ठरवणाऱ्या पँटोन या अमेरिकी संस्थेने 2016 साठी निवडलेल्या दोन रंगांपैकी एक ‘रोझ क्वार्ट्झ’ हा फिकट गुलाबी होता. त्या सुमारास ही लाट जगभर पसरली. इंग्लंडमध्ये याच कुळातली एक छटा ‘सेटिंग प्लास्टर’ या नावाने विकली जाते. तिकडे आतल्या भिंतींना जिप्समचा गुलाबीसर गिलावा करतात, म्हणून हे नाव. आपल्याकडे सिमेंटचा गिलावा करडा असतो. त्यामुळे तिकडची कल्पना इथे जशीच्या तशी लागू होत नाही. तरीही हा रंग आपल्याला अनोळखी नाही.

मग तो आपल्याकडे कुठून?

त्याचे मूळ चुना आणि गेरूत आहे. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत भिंती पांढऱ्या मातीने पोतारायच्या किंवा त्यांना चुना द्यायचा, आणि खाली जमिनीलगत, चौकटीभोवती, तुळशी वृंदावनाला गेरू लावायचा, ही रीत होती. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड असलेली लाल माती. तीच चिमूटभर चुन्यात पडली की जो रंग तयार होतो, तो हाच उबदार, मंद गुलाबी. तो बनवायला यंत्र लागत नव्हते. एक बादली आणि एक अंदाज पुरे होता.

भाजलेल्या मातीच्या रंगाशी या जिल्ह्याचे नाते तर फार जुने. तेर म्हणजे प्राचीन तगर. सातवाहनांच्या काळातील हे व्यापारी केंद्र ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील प्रवासग्रंथातही येते. तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे आणि ते महाराष्ट्रातील सर्वात जुन्या उभ्या मंदिरांपैकी एक मानले जाते. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात भाजक्या मातीच्या मूर्ती आणि वस्तू पाहायला मिळतात. त्या मातीच्या रंगात पांढरा वाढवत गेलात, तर याच गुलाबीपाशी पोहोचाल. देशात या रंगाचे सर्वात मोठे उदाहरण जयपूरचे. 1876 मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या भेटीसाठी ते शहर रंगवले गेले, असे सांगितले जाते. तो रंगही गेरूच्याच कुळातला. त्यामुळे ‘हे परदेशी फॅड आहे’ आणि ‘हे अगदी नवीन आहे’ ही दोन्ही विधाने अर्धवट आहेत. आजोबांच्या घरातली छटा डब्यात बंद होऊन परत आली आहे, एवढेच.

फोटोतला रंग घरात का बदलतो?

पहिले कारण हातातला मोबाईल. काही फोनचा पडदा रंग मुळापेक्षा भडक दाखवतो. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून लावलेली सोय पडदा पिवळसर करते. म्हणजे रात्री अंथरुणात पाहिलेला गुलाबी आणि सकाळी पाहिलेला गुलाबी हे एकाच फोनवर दोन वेगळे रंग असतात. त्यात फोटो काढणाऱ्याने तो आणखी सुधारलेला असतो.

दुसरे कारण ऊन. घरसजावटीचे बरेच सल्ले युरोप-अमेरिकेतील उजेडासाठी लिहिलेले असतात. लंडन सुमारे 51 अंश उत्तरेला आहे. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही आणि खोल्यांत मंद, करडा उजेड असतो. तिथे हा रंग खोलीला ऊब देतो. धाराशिव सुमारे 18 अंशांवर आहे. इथे मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. एवढ्या उजेडात कार्डावरची फारच फिकट छटा धुऊन गेल्यासारखी पांढरी दिसते. उलट जुन्या घरातील माजघरात, जिथे एखाद्या खिडकीवर सगळी भिस्त असते, तीच छटा धुळकट वाटते.

खिडकीची दिशाही महत्त्वाची. पूर्वेच्या खोलीत सकाळी हा रंग खुलतो आणि दुपारनंतर शांत होतो. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळचे ऊन पडले की तो चक्क केशरी होतो. तिथे थोडी अधिक मातकट छटा घ्यावी. उत्तरेच्या खोलीतील उजेड वर्षाचा बराच काळ थंड, निळसर असतो; तिथे केशरी अंग थोडे जास्त असलेली छटा चालते.

तिसरे कारण सर्वात दुर्लक्षित : बल्ब. आपल्याकडे बहुतेक घरांत 6500 केल्विनचे पांढरेशुभ्र एलईडी असतात. त्या निळसर उजेडात उबदार गुलाबी मलूल, कधी जांभळट दिसतो. त्याच भिंतीवर 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर बल्ब लावला की रंग जागेवर येतो. स्वस्तातल्या काही बल्बांच्या उजेडात लाल रंगाचा अंश कमी असतो. त्यात कोणताही लालसर रंग फिका पडतो. खोक्यावर ‘सीआरआय’ असे लिहून पुढे आकडा दिलेला असतो. तो 80 पेक्षा कमी नको, 90 च्या आसपास असेल तर उत्तम. रंग आवडला नाही म्हणून पुन्हा भिंत रंगवण्याआधी एक बल्ब बदलून पाहावा. खर्चातला फरक सांगायला नको.

कोणत्या खोलीत, कशासोबत?

पुढची खोली, झोपायची खोली आणि देवघराची भिंत ही या रंगाची हक्काची ठिकाणे. शहाबादी फरशीचा करडा-निळसर थंडपणा आणि हा रंग एकमेकांना सांभाळून घेतात. सागवानी दार, पितळेची भांडी, तांब्याचा हंडा, काळ्या दगडाचे जोते यांच्या शेजारीही तो शोभतो. नळदुर्ग-परंड्याच्या किल्ल्यांसारख्या काळ्या पाषाणाच्या या मुलखात आतल्या भिंतीला थोडी ऊब असणे डोळ्यांना बरे वाटते.

जिथे तो फसतो, तीही ठिकाणे आहेत. निळसर पांढऱ्या चकचकीत टाइल्सवर तो मळका दिसतो. अशा घरात आधी टाइलचा तुकडा घेऊन दुकानात जावे आणि मग छटा ठरवावी. छताला दुधी पांढरा द्यावा. शुभ्र निळसर पांढरा दिला, तर भिंत आणि छत वेगवेगळ्या घरांतून आणल्यासारखे वाटतात. स्वयंपाकघरात फोडणीचे आणि हळदीचे डाग फिकट रंगावर लगेच उठतात. तिथे ओट्याच्या मागे टाइल आणि उरलेल्या भिंतीला पुसता येणारा रंग, एवढी खबरदारी पुरे.

एक जुनी युक्ती इथे कामाची आहे. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत गेरूच्या जवळचा गडद पट्टा आणि वर फिकट गुलाबी. फरशी पुसताना उडणारे पाणी, लहान मुलांचे हात, खुर्चीच्या पाठीचे घासणे हे सगळे गडद पट्ट्यावर खपून जाते. आपल्या आधीच्या पिढ्यांनी गेरूचा पट्टा केवळ शोभेसाठी ओढला नव्हता.

‘हा मुलींचा रंग’ आणि ‘याने मन शांत होते’ : खरे किती?

पहिला समज तर आपल्याच लग्नांत मोडीत निघतो. गुलाबी फेटा बांधून मिरवणाऱ्या पाहुण्यांना कुणी हा बायकी रंग म्हणत नाही. पाश्चात्त्य देशांतही गुलाबी मुलींचा ही वाटणी विसाव्या शतकात पक्की झाली. 1918 मध्ये अमेरिकेतील कपडेव्यवसायाच्या एका मासिकाने तर गुलाबी हा मुलांसाठी, निळा मुलींसाठी योग्य असा सल्ला दिला होता. म्हणजे ही प्रथा बाजाराने घडवली आणि बाजारानेच उलटवली.

दुसरा समज अधिक चिवट आहे. 1979 मध्ये अमेरिकेतील सिएटलच्या नौदल बंदीगृहात एक कोठडी गडद गुलाबी रंगवून कैदी शांत होतात का, हे पाहण्यात आले आणि त्याची मोठी चर्चा झाली. पुढच्या, अधिक काटेकोर अभ्यासांत तसा परिणाम दिसून आला नाही. तेव्हा ‘हा रंग लावा, ताण जाईल’ या जाहिरातीवर पैसे मोजू नयेत. आवडता रंग डोळ्यांसमोर असला की बरे वाटते, हे खरे. पण ते गुलाबीला लागू तसेच हिरव्यालाही.

रंगाने घर तापेल किंवा गार होईल का?

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून हा प्रश्न हमखास विचारला जातो. आतल्या भिंतीच्या रंगाने खोलीच्या तापमानात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. उष्णता मुख्यतः छतातून आणि उन्हात तापणाऱ्या बाहेरच्या भिंतीतून येते. म्हणून स्लॅबवर किंवा पत्र्यावर पांढरा चुना अथवा ऊन परतवणारा पांढरा रंग देणे, पश्चिमेच्या खिडकीला पडवी किंवा पडदा करणे, याचा उपयोग अधिक. पैसे मोजकेच असतील तर माझे मत स्पष्ट आहे : आधी छत पांढरे करा, मग भिंत गुलाबी करा. उलट क्रम लावला, तर मे महिन्यात भिंत सुंदर दिसेल आणि घरातले सगळे ओसरीत झोपतील.

रंगाआधी भिंत पाहा, असे का?

या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे घराखाली गाडली गेली. किल्लारीप्रमाणेच आपल्या भागातील सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त झाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांचे जड माळवद, ही रचना हादऱ्याला टिकली नाही. बाहेरून त्या भिंती भक्कम दिसत होत्या. रंग भिंतीला मजबुती देत नाही; तो फक्त तिचा चेहरा बदलतो. हा साधा नियम आपण सर्वांत महाग किमतीला शिकलो आहोत.

म्हणून पुट्टी भरण्याआधी तडे नीट पाहावेत. गिलाव्यावरील केसासारख्या बारीक रेषा सहसा चिंतेच्या नसतात. पण खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारा किंवा रुंद होत जाणारा तडा वेगळा. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी आणि काही आठवडे लक्ष ठेवावे. खुणेच्या पुढे गेला, तर रंगाऱ्याआधी अभियंत्याला बोलवावे. असा तडा पुट्टीने बुजवून वर सुरेख गुलाबी देणे म्हणजे धोक्याची सूचना पुसून टाकणे आहे.

ओलीचेही तसेच. भिंतीवर पांढरी खारट भुकटी येत असेल, रंगाचे पापुद्रे सुटत असतील, तर ओल कुठून येते ते आधी शोधावे : गच्चीची गळती, न्हाणीची भिंत की जमिनीतून चढणारे पाणी. दगड-मातीच्या जुन्या भिंतीला विशेष जपावे लागते. तिच्यात शिरलेली ओल बाहेर पडायला वाट लागते. त्यावर प्लास्टिकसारखा थर देणारा रंग चढवला की ओल आत कोंडते आणि गिलावा फुगतो. अशा घरासाठी चुना हाच योग्य, कारण त्यातून वाफ बाहेर पडू शकते. नवा सिमेंट गिलावा असेल, तर त्याला किमान 28 दिवस द्यावेत आणि तो पूर्ण वाळल्याची खात्री करूनच प्रायमर लावावा.

चुन्यात गेरू की डब्यातला रंग?

दोन्हींची जागा ठरलेली आहे. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेत भिंतीवरच कठीण होतो. गेरूचा रंग चुन्यात टिकतो, उन्हात उडत नाही. काही भडक सेंद्रिय गुलाबी रंग चुन्याच्या तीव्र क्षारापुढे फिके पडतात. स्वस्त, जुन्या भिंतीला मानवणारा आणि दरवर्षी हात फिरवता येण्याजोगा, हे या जोडीचे गुण. दोष असा, की तो ओल्या फडक्याने घासून पुसता येत नाही आणि भिंतीला टेकले की कपड्याला लागू शकतो.

चुना-गेरू वापरायचा असेल, तर गेरू वस्त्रगाळ करून, पाण्यात कालवून थोडा थोडा घालावा. बादलीतला ओला रंग नेहमी गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच फिकट होतो. म्हणून प्रत्येक वेळी भिंतीवर पट्टा ओढून वाळू द्यावा. संपूर्ण खोलीचा रंग एकदाच कालवावा, कारण दुसऱ्या बादलीत तीच छटा साधणे अवघड. चुना डोळ्यांना आणि त्वचेला पोळतो. चष्मा आणि हातमोजे घालावेत, मुलांना लांब ठेवावे.

सिमेंट गिलाव्याच्या, पुट्टी केलेल्या घरात इमल्शन सोयीचे. त्यात चकाकी नसलेला प्रकार घ्यावा. चकाकणारा गुलाबी हा मातकटपणा घालवतो आणि भिंतीचा उंचसखलपणाही उघडा पाडतो. जुना ऑइलपेंट खरवडताना मात्र सावध राहावे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम देशात 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. कोरडे घासून धूळ उडवू नये, ओले करून काढावे.

निवडायचा कसा?

छटेच्या कार्डावरील इंचभर चौकोन पाहून खोली ठरवू नये. तोच रंग चार भिंतींवर आला की अधिक गडद आणि अधिक गुलाबी वाटतो, कारण भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात. म्हणून तीन छटांचे छोटे डबे आणून दोन फूट बाय दोन फुटांचे चौकोन दोन वेगवेगळ्या भिंतींवर, दोन-दोन हात मारून रंगवावेत. सकाळी आठला, दुपारी, संध्याकाळी पाचला आणि रात्री दिवा लावून ते पाहावेत. दोन दिवस जाऊ द्यावेत. ज्या छटेकडे चारही वेळा पाहून खटकले नाही, ती आपली. शंका असेल तर दोन छटांपैकी जी कमी गुलाबी वाटते, ती घ्यावी.

हिशेबही आधी करावा. 10 बाय 12 फुटांची, 10 फूट उंच खोली घेतली, तर चार भिंतींचे क्षेत्र 440 चौरस फूट होते. दार-खिडक्यांचे 60 वजा केले की 380 उरते. पुट्टी-प्रायमर केलेल्या भिंतीवर दोन हातांसाठी एका लिटरमध्ये साधारण 100 ते 140 चौरस फूट निघतात. म्हणजे तीन ते चार लिटर. नेमका आकडा डब्यावर असतो. एकाहून अधिक डबे लागणार असतील, तर ते मोठ्या बादलीत एकत्र करून वापरावेत, म्हणजे छटेत फरक राहत नाही. दुकानातील यंत्रावर छटा तयार होते तेव्हा तिचा क्रमांक डब्याच्या झाकणावर छापलेला मिळतो. तो वहीत लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी एखादा डाग झाकायचा झाला, तर नाव नव्हे, तो क्रमांक उपयोगी पडतो.

मातकट गुलाबी हा महाग रंग नाही आणि जादूचाही नाही. साध्या सिमेंटच्या खोलीला तो थोडी माया देतो, जुन्या चुन्याच्या भिंतीला तिचा मूळ चेहरा परत देतो. घर रंगवणे हा सर्वसाधारण कुटुंबाचा अनेक वर्षांतून एकदा होणारा खर्च आहे. तो दुसऱ्याच्या घरातल्या, दुसऱ्या उजेडातल्या फोटोवर लावू नये. छत, ओल, तडे, बल्ब आणि मग रंग, हा क्रम पाळला तर यंदाच्या दिवाळीत दिलेला रंग पुढच्या चार दिवाळ्याही आवडता राहील.